परत न आलेली हाक

१

सिंधूचा आवाज मोठा होता. भाजीवाला जुनवानीतल्या आमच्या गल्लीच्या वळणावर असतानाच ती गच्चीवरून त्याला वांग्यांचा भाव विचारायची आणि तो तिथूनच ओरडून सांगायचा. पाहुणे आले की आमची मुलगी मोना तिला हाताने ‘हळू, हळू’ अशी खूण करायची. मला मात्र तो आवाज सोयीचा होता. माझी सारी नोकरी पोलाद कारखान्यात, रेल मिलमध्ये, हॉट सॉच्या जवळ गेली. लालभडक रूळ कापताना ती करवत जी किंचाळते, तिने माझा डावा कान जवळजवळ खाल्ला, आणि उजव्यातलेही बारीक आवाज नेले. पाखरं, मोबाइलची रिंग, बायकांचं आपसातलं बोलणं मला पोचत नाही. सिंधूचं सगळं पोचायचं. ती कुकरशी बोलायची, तुळशीशी बोलायची, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या माणसाशी भांडायची. मी कधी हो म्हणायचो, कधी नुसता पेपर वाचत राहायचो.

मी रिटायर झालो त्या हिवाळ्यात मोना म्हणाली, “बाबा, तुम्ही घरातच बसून राहता. चला कुठी तरी. मांदरदहरा पाहाले जाऊ.”

बालोदच्या पुढे गेल्यावर दल्लीचा लाल धुळीचा रस्ता सोडून जंगलात शिरलं की हे ठिकाण लागतं. नदी तिथे खडकात खोल कापत गेली आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि तळाशी काळं, हलत नाही असं वाटणारं पाणी. तिकडचे लोक अशा खोल पाण्याला दहरा म्हणतात. कड्यांच्या कपारींत गिधाडं घरटी करतात म्हणून सरकारने तो पट्टा राखून ठेवला आहे. गाडी फाटकाशी ठेवायची, आत पायी जायचं, सोबत वनखात्याचा माणूस घ्यायचा. आमच्याबरोबर कमलेश नावाचा गाइड आला. बारीक, हसरा, खाकी स्वेटर घातलेला.

ऊन कोवळं होतं. आम्ही वाटेत तिखट पुऱ्या खाल्ल्या होत्या. लोखंडी कठड्याशी पोचल्यावर कमलेश म्हणाला, “इहां सब झन चिल्लाथें, दीदी. सामने वाला पहाड़ जवाब देता है. एक बार बस, नहीं तो गिद्ध डर जाते हैं.”

मोनाने स्वतःचंच नाव घेतलं. “मोनाऽऽ!” समोरच्या कड्याने ते परत दिलं, दोनदा, दुसऱ्यांदा जरा फाटलेलं. मी “होऽऽ” केलं. तेही आलं. माझ्या कानालाही आलं.

मग सिंधू पुढे झाली. तिने कठड्याला पोट टेकवलं, पदर खोचला, आणि पुण्याला असलेल्या आमच्या मुलाला, तो जणू त्या कड्यावर पतंग उडवत बसला आहे अशी हाक मारली, “पीयूऽऽष! जेवाले ये!”

आम्ही थांबलो.

काही आलं नाही.

“अवं आई, और ज़ोर से,” मोना हसून म्हणाली. सिंधूला ‘अजून जोराने’ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती पुन्हा ओरडली. तिच्या मानेच्या शिरा फुगलेल्या मला दिसल्या. हाक दरीवरून गेली आणि गेलीच. माझा कान म्हणावा तर मोनाही कान लावून उभी होती, आणि कमलेशही.

“हवा बदल गई होगी,” तो म्हणाला. पण कठड्याशी वाळलेल्या गवताचं पातं सरळ उभं होतं, जराही हलत नव्हतं.

तेवढ्यात समोरच्या कड्यावरची गिधाडं उठली. एकेक करून नाही, सगळी एकदम. ती वर गेली, गोल फिरली आणि आमच्या डोक्यावरून मागे जंगलाकडे निघून गेली.

“माह्याच हाकेले भेली का जी?” सिंधू म्हणाली, आणि स्वतःच खूप हसली.

२

घरी आल्यावर आम्ही ते विसरलो. मोना कोचिंगमध्ये केमिस्ट्री शिकवते. कोणत्या कोनातून आवाज गेला तर तो परत येतो आणि कोणत्या कोनातून येत नाही, हे तिने गाडीतच मला सांगितलं होतं. मला पटलं होतं. बाईमाणसाचा आवाज पातळ, तो खडकात मुरत असेल, असंही मी मनाशी म्हटलं.

काही दिवसांनी मी अंगणात कुंडीतली माती मोकळी करत होतो. कोणीतरी खांद्याला धरून मला हलवलं. मी दचकून पाहिलं तर सिंधू, रागाने लाल.

“कवाची हाक मारून राहिली! चहा थंडा झाला. तुमचा दुसराही कान गेला वाटते.”

हे शब्द मला ऐकू आले, पण मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो म्हणून. ती वळून आत जाताना आणखी काही बोलली. तिचे खांदे हलत होते, त्यावरून कळलं. शब्द आले नाहीत. गल्लीच्या टोकाला वेल्डिंगवाल्याचं ग्राइंडर चालू होतं ते मला येत होतं. शेजारच्या तुळसाबाई गाईला हाकलत होत्या ते येत होतं.

मी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी मला काचेच्या पेटीत बसवलं, डोक्याला हेडफोन लावला. पिकपिक आवाज आला की बटण दाबायचं. कारखान्यात ही तपासणी दरवर्षी व्हायची, तेव्हा मला नवीन काही नव्हतं. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी जुना आलेख आणि नवा आलेख एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात दाखवला. रेषा जुळत होत्या.

“कुछ नहीं बदला, अंकल.”

“फिर घरवाली की आवाज़ क्यों नहीं आती?”

ते हसले. “लोग तो उल्टी शिकायत लेकर आते हैं.”

मीही हसलो. परत येताना सुपेला चौकातल्या गर्दीत स्कूटर थांबवून मी नुसता उभा राहिलो. भोंगे, बस, पाणीपुरीवाला, कोणाचं तरी लहान मूल. सगळं येत होतं. डॉक्टर खोटं बोलत नव्हते. मग मी ठरवलं की सिंधूचं वय झालं, आवाज बसला असेल. थंडी लागली असेल. माणूस स्वतःला पटेल ते कारण हुडकून काढतो, आणि ते सापडलं की त्याला झोप लागते.

३

एक दुपार मला नीट आठवते. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो. सिंधू ओट्यापाशी भांडी घासत होती. नळाचं पाणी बेसिनमध्ये पडत होतं, त्याचा आवाज येत होता. तिने पातेलं घासून दुसऱ्या पातेल्यावर ठेवलं. स्टीलवर स्टील. ते बसल्यावर थरथरलं, मला दिसलं. आवाज आला नाही.

मी ग्लास हातात धरून उभा राहिलो. तिने झारा ठेवला, कढई ठेवली, चमचे मूठभरून डब्यात टाकले. तिच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या आणि हात वरखाली होत होता. नळ बंद झाल्यावर त्या खोलीत फक्त माझा श्वास उरला.

“का पाहून राहिले?” तिच्या ओठांनी विचारलं.

“काही नाही,” मी म्हणालो, आणि ग्लास ओट्यावर ठेवला. टक्‌ असा आवाज झाला. तो मला स्पष्ट ऐकू आला.

माझ्या कानाचा दोष असता तर ग्लासचा आवाजही गेला असता. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. तरी संध्याकाळपर्यंत मी ते स्वतःशी कबूल केलं नाही.

संध्याकाळी तुळसाबाई फाटकात आल्या. चेहरा पडलेला. “तेजरामभाऊ, सिंधुताई माह्यावर रागावली का? सकाळी एवढ्या हाका मारल्या, दारात उभी राहून नुसती पाहून राहिली. ओ म्हणून नाही देली.”

सिंधू माझ्या मागेच उभी होती. तिने कपाळावर हात मारला. नंतर आत येऊन माझ्यासमोर बसून, तोंड जवळ आणून तिने मला सांगितलं, तेव्हा ते कसंबसं पोचलं, बंद काचेपलीकडून बोलल्यासारखं. “मी ओ देली ना जी! दोनदा देली. ‘ये ना वं, बस’ म्हटलं तिले.”

रविवारी पीयूषचा फोन आला. मोनाने तो स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. सिंधू त्यावर वाकून बोलायला लागली. ती बरंच बोलली, हातवारे करत, हसत. फोनमधून पीयूष म्हणाला, “हॅलो? मोना, आई को दे ना. म्यूट पे है क्या?”

मोनाने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पाहून मला कळलं की हे माझ्या एकट्याचं नाही, आणि तीही बरेच दिवस कोणाला न सांगता हेच पाहत होती.

४

सिंधूला आम्ही विचारलं. ती घाबरलेली नव्हती. याचंच मला जास्त भय वाटलं.

“मले तर माहा आवाज येते,” ती म्हणाली. आम्ही दोघं तिच्या ओठांकडे पाहत होतो. “पण दूरून येते. विहिरीत वाकून बोललं तर कसा येते, तसा.”

“दुखते का काही?” मी विचारलं.

तिने मान हलवली. मग जरा वेळ ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. नव्या नवरीसारखी लाजली होती, हे सांगताना मला आजही विचित्र वाटतं.

“कोणी तरी ऐकते जी,” ती म्हणाली.

“कोण?”

“का मालूम. पण मी बोलली का ऐकते. मन लावून ऐकते. मधातच उठून जात नाही, पेपर वाचत नाही. इतकं कोणी ऐकलं नाही माह्यं.” तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुमचा काही दोष नाही. तुमाले येतच नाही ऐकू.”

त्यानंतर ती फार बोलायला लागली. सकाळी उठल्यापासून ओठ चालू. पण आमच्याशी नाही. आमच्या मागच्या खोलीत, जिथे धान्याच्या कोठ्या आणि जुना कूलर ठेवला आहे, तिथे खिडकी नाही. दुपारी ती त्या खोलीच्या उंबऱ्यावर एक गुडघा उभा करून बसायची, आतल्या अंधाराकडे तोंड करून. हात हलायचे. मध्येच थांबायची, मान जरा कलती करायची, कोणी प्रश्न विचारला आहे असं, आणि मग ‘हावो’ म्हटल्यासारखी मान हलवून पुन्हा सुरू व्हायची.

मी एकदा तिच्या पाठीमागून जाऊन त्या खोलीतला दिवा लावला. गव्हाची कोठी. कूलर. भिंतीवर पाल. सिंधूने वळून माझ्याकडे पाहिलं. दोघांच्या बोलण्यात तिसरा घुसला की बाई जशी पाहते, तशी.

मी दिवा बंद केला. का बंद केला, हे मला सांगता येत नाही.

५

मोनाने तिला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. तिच्या घशात नळी घालून त्यांनी पडद्यावर दाखवलं. दोन पांढऱ्या पट्ट्या उघडत होत्या, मिटत होत्या, थरथरत होत्या. “सब नॉर्मल है,” डॉक्टर म्हणाले. “आवाज़ निकलनी चाहिए.” मग मोनाकडे वळून ते तिला मनाच्या आजाराबद्दल सांगू लागले. मी त्यांना पातेल्यांचं सांगितलं. बांगड्यांचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझं वय विचारलं.

 घरी येताना गाडीत सिंधू खिडकीबाहेर पाहत होती. तिने काचेवर बोटाने टकटक केली असावी, बोट हलताना मी पाहिलं.

दारात चपला काढताना मोना म्हणाली, “बाबा, तिथूनच सुरू झालं ना हे? वापस जाऊन पाहू. और क्या करें?”

मी म्हणालो, “तिथी जाऊन का करशीन? कड्याले सांगशीन का, आवाज दे म्हणून?”

“तुमच्याजवळ दुसरं काही असन तर सांगा.”

 जून लागला की पावसासाठी तो भाग बंद होतो, मग दिवाळीपर्यंत आत सोडत नाहीत. तोपर्यंत सिंधूचं काय उरलं असतं कोण जाणे. आताच ती खोलीत आली तरी आम्हाला कळत नसे. ती समोर दिसेपर्यंत नसायची, आणि पाठ वळली की पुन्हा नसायची. तुळसाबाई तिच्याबद्दल बोलताना ‘होती’ म्हणू लागल्या होत्या. चूक लक्षात येऊन जीभ चावायच्या, पण पुन्हा तेच.

जायचं ठरलं हे कळल्यावर सिंधूने कपाटातून हळदीच्या रंगाचं नवं पातळ काढलं. केस धुतले. माहेरी निघाल्यासारखी ती आरशासमोर उभी होती, आणि मी तिला थांबवलं नाही.

६

मे महिन्याचं ऊन होतं. सागाची झाडं उघडी पडली होती, पायाखाली मोठमोठी पानं चुरडत होती. माझ्या पायाखाली, मोनाच्या पायाखाली. सिंधू आमच्यामध्ये चालत होती.

फाटकाशी कमलेशच भेटला. त्याने आम्हाला ओळखलं, पण तो हसला नाही.

“गिद्ध चले गए, साहब. जाड़े में ही गए, लौटे नहीं. बड़े साहब लोग आए थे, कोई कारण नहीं मिला.” चालता चालता तो म्हणाला, “दोपहर में नीचे से एक बाई बोलती है. हम लोग उतरके भी देखे. कोई नहीं रहता.”

“क्या बोलती है?” मोनाने विचारलं.

“आप लोगों जैसी बोली है. खाना-पीना, बाल-बच्चा. बस बोलते रहती है.”

मी मागे वळून सिंधूकडे पाहिलं. ती आमच्या पुढे गेली होती. तिला वाट ठाऊक होती.

कठडा तापला होता, हात ठेववत नव्हता. खाली पाणी आटलं होतं, तरी दहरा काळाच होता. आम्ही तिघं उभे राहिलो. कमलेश मागे पायवाटेवर सावलीत थांबला, पुढे आला नाही.

आधी मला वाटलं पाणीच वाजतं आहे. मग शब्द सुटे झाले.

“…मंग मी म्हटलं, थांब, वांगं चांगलं भाजू दे, कच्चं राहिलं का खाजते. तर सासू म्हणे, आमच्याकडे असंच खातात…”

तो सिंधूचा आवाज होता. पूर्वीचा, गच्चीवरचा, भरलेला. इतके महिने मी तो विसरत चाललो होतो हे मला तेव्हा कळलं. माझ्या बिघडलेल्या कानात तो असा स्वच्छ शिरला की मी तो तापलेला कठडाच घट्ट धरला. मोनाने तोंडाला ओढणी लावली.

“…पीयूष लहान होता, तवा ताप चढला त्याले. हे ड्यूटीवर. मी एकटी पोराले घेऊन पायी पायी गेली दवाखान्यात…” मग बोलणं थांबलं. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग, “हावो, तेच तर सांगून राहिली. नाही, याईले नाही सांगितलं कधी. याईले ऐकू येत नाही ना.” ‘याईले’ म्हणजे मला.

मध्ये थांबली तेव्हा मी दुसरा आवाज शोधत होतो. ज्याला ती ‘हावो’ म्हणाली, त्याचा. तो नव्हता. पण तिच्या आवाजाभोवतीची शांतता साधी नव्हती. सबंध दरी श्वास धरून होती.

मी ऐकत राहिलो. किती वेळ, ते सांगता येणार नाही. लग्नाच्या मांडवातलं, तिच्या बापाच्या आजारपणातलं, मला कधीच न सांगितलेलं किती तरी. मला वाटत होतं, हे संपू नये. मग आवाज एकाएकी बंद पडला आणि मी शेजारी पाहिलं.

मोना होती. तिच्यापलीकडे कठडा रिकामा होता.

७

“आई?” मोना मागे वळली. पायवाट सरळ होती, दोन्हीकडे काटेरी झुडपं. वाटेवर कमलेश उभा होता. त्याने जोराने मान हलवली. त्याच्याजवळून कोणी गेलं नव्हतं. पानांचा आवाजही झाला नव्हता, आणि तो कशाला होईल? मी कठड्यावरून वाकून खाली पाहिलं. उभा कातळ, त्याला चिकटलेलं वाळकं शेवाळ. पाण्यावर तरंग नव्हता.

मग मला समोर पिवळं दिसलं.

पलीकडच्या कड्यावर, निम्म्या उंचीवर, पूर्वी गिधाडं बसायची तिथे खडकाचा एक पट्टा पुढे आला आहे. त्याच्या वर वाट नाही, खाली वाट नाही. तिथे सिंधू बसली होती. हळदीचं पातळ, एक गुडघा उभा, आमच्याकडे पाठ अर्धी वळलेली. तिचे हात चालले होते. ती बोलत होती, रंगात येऊन, जसा माणूस खूप दिवसांनी भेटलेल्या आपल्या माणसाशी बोलतो.

तिच्यासमोर कपारीत सावली होती. त्या सावलीत कोणीतरी होतं.

मी ते पाहिलं असं म्हणणार नाही. ऊन डोळ्यांवर होतं, खडकातून वाफा निघत होत्या, मी साठीला आलेला माणूस आहे. कमलेशला काही दिसलं नाही, असं त्याने पोलिसांना सांगितलं आणि ते खरं असेल. मला एवढंच माहीत आहे की ते तिच्याकडे झुकलं होतं. त्याला चेहरा होता की नाही हे मला सांगता येत नाही, पण ते सगळंच्या सगळं तिच्याकडे लागलं होतं. दुसरं काही करण्यासाठी ते बनलंच नव्हतं.

मग मोनालाही दिसलं. तिने श्वास आत ओढलेला मला दिसला. ती कठड्यावर चढल्यासारखी पुढे झाली आणि तिने तोंड उघडलं.

“आऽ—”

मी तिच्या तोंडावर हात दाबला. दोन्ही हात. ती माझ्या अर्ध्या वजनाची आहे, तरी मला तिला जमिनीवर पाडावं लागलं. ती माझ्या तळहाताला चावली. लाथा मारत होती, नाकातून रडत होती, आणि मी तिच्या कानाशी सांगत होतो, “नोको बाई, नोको. ओरडू नोको. ते ऐकते.”

मी मान वर केली तेव्हा कपारीतलं जे काही होतं ते हललं होतं. ते आता सिंधूकडे झुकलेलं नव्हतं. पाखराने दाणा हेरताना मान कलती करावी, तसं ते कललं होतं, आमच्या बाजूला.

सिंधूचे हात थांबले होते. तिने वळून आमच्याकडे पाहिलं नाही. ती तशीच बसून राहिली, बोलणं मध्येच तुटलेली बाई पुन्हा लक्ष येण्याची वाट पाहते तशी.

मी मोनाचं डोकं छातीशी धरून डोळे खाली घातले. पुन्हा पाहिलं तेव्हा पट्टा उघडा होता आणि त्यावर गिधाडांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ होते.

८

शोध झाला. वनखात्याची माणसं दोर लावून उतरली, दुर्गहून बोट आली, दहऱ्यात गळ टाकले. पातळाचा धागाही मिळाला नाही. पोलिसांनी मला बरेच प्रश्न विचारले. माझ्या तळहाताची जखम पाहून आणखी विचारले. मी जे त्यांना पटेल तेवढं सांगितलं. पाय घसरला असेल. मनाचा आजार होता, डॉक्टरांचा कागद आहे. मग पावसाळा आला आणि ते फाटक बंद झालं.

कमलेशने नोकरी सोडली. जाण्याआधी त्याने फोन केला होता. त्या दिवसानंतर खालून कोणी बाई बोलत नाही, एवढं सांगायला. त्याला वाटलं मला बरं वाटेल.

सिंधू गेली त्या दिवशी परतताना बालोदजवळ रेल्वेचं फाटक लागलं होतं. गाडी थांबली तेव्हा मोना समोर पाहत म्हणाली, “तुम्ही मले हाक मारू नाही देली. आई वळली असती.”

मी म्हणालो, “तुले वाचवलं मी.”

 त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

पीयूष येऊन गेला. तो म्हणतो, “बाबा, वेळ द्या तिले. गुस्से में है.” मलाही तसंच वाटतं. दिवसातला बराच वेळ तसंच वाटतं. तिने माझ्यावर रागवावं, आयुष्यभर बोलू नये, माझी काही तक्रार नाही. बापाशी न बोलणाऱ्या मुली असतात. पण ती आता कोचिंगलाही जात नाही. पीयूषलाही ती मेसेजच करते. आणि तिच्या तोंडातून तो एक ‘आ’ सुटला होता. माझा हात पोचायच्या आधी. समोरच्या कड्याने तो परत दिला की नाही, हे मी आठवून आठवून पाहतो. मी तेव्हा स्वतःच बोलत होतो, तिच्या कानाशी.

तिला एक शब्द बोल म्हणायची माझी हिंमत होत नाही. ‘बाबा’ म्हण, शिवी दे, काहीही. तिने तोंड उघडलं आणि मला काही आलं नाही तर पुढे काय करायचं, ते मला ठाऊक नाही.

आज दुपारी ती स्वयंपाकघरात होती. मी दाराच्या चौकटीशी उभा राहिलो. ती माझ्याकडे पाठ करून कांदा चिरत होती. पाट लाकडी आहे, सुरी जड आहे. सुरी वर जात होती, खाली येत होती. बाहेर वेल्डिंगवाल्याचं ग्राइंडर चालू होतं, म्हणून काही कळत नव्हतं. मी वाट पाहिली. ग्राइंडर थांबलं. गल्ली गप्प झाली.

सुरी चालूच होती. मी डोळे मिटले.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.